कोरियन ड्रामा ठेवा बाजूला, त्यांचे व्हरायटी शो बघा : यूट्यूबवरच्या कोरियन टीव्ही चॅनेलांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा के-ड्रामाचा रिव्ह्यू नाही. ते सांगणाऱ्या पोरी बेळगावात आता गल्लोगल्ली आहेत, कॉलेज रोडला दोन मिनिटं उभं राहिलात तरी कुणाच्या ना कुणाच्या बॅगेला कोरियन पोरांच्या फोटोचं किचेन लटकलेलं दिसतंय. मला बोलायचंय ते त्यांच्या टीव्हीवरच्या टाइमपास कार्यक्रमांबद्दल, ज्याला ते लोक व्हरायटी म्हणतात, आणि ते कार्यक्रम यूट्यूबवर फुकट दाखवणाऱ्या ऑफिशियल चॅनेलांबद्दल. म्हणजे केबीएस वर्ल्ड, एमबीसी आणि एसबीएसवाल्यांची चॅनेलं, टीव्हीएन, आणि ना पीडी नावाच्या डायरेक्टरचं चॅनेल फुलमून. मत लगेच पाहिजे असेल तर घ्या, कार्यक्रम एक नंबर, पण ते चॅनेलावर लावलेत अगदी गबाळे, आणि तरीपण बघा.

व्हरायटी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सात-आठ ठरलेली माणसं, वर्षानुवर्षं तीच, दर आठवड्याला त्यांना काहीतरी खुळचट काम द्यायचं आणि ते करताना त्यांची कशी फजिती होते ते दाखवायचं, बस. स्टेज नाही, परीक्षक नाहीत, कुणाच्या घरची गरिबी व्हायोलिन लावून दाखवायची नाही. आपल्याकडच्या गाण्याच्या नाचाच्या शोमध्ये स्पर्धक तोंड उघडायच्या आधी त्याच्या बापाचं कर्ज दाखवतात त्याला मी पार कंटाळलेय, त्यामुळं मला हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुणी रडेना म्हणून चुकल्यासारखंच झालं. सगळ्यात प्रसिद्ध एसबीएसचा रनिंग मॅन, ११ जुलै २०१० ला सुरू झालेला आणि अजून दर रविवारी चालू आहे. सुरुवातीच्या काळात त्यात प्रत्येकाच्या पाठीवर नावाची पट्टी चिकटवलेली असायची आणि ती दुसऱ्यानं फाडली की तुम्ही बाद. एवढाच खेळ. रात्री रिकाम्या मॉलमध्ये मोठमोठे ॲक्टर एकमेकांच्या पाठीमागं पळतायत, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे राहतायत, आणि किम जोंग-कूक नावाचा गायक आहे त्याचं अंग पैलवानासारखं, तो नुसता जिन्यात दिसला तरी बाकीच्यांची पळापळ. आमच्या घरातला पुतण्या, जो जेवताना ताटात बघत नाही, तो ह्यासाठी ताट घेऊन टीव्हीसमोर येऊन बसतो. उंच लंबूटांग ली क्वांग-सू त्याचा लाडका. क्वांग-सूला २०२० मध्ये अपघातात पायाला लागलं होतं, ते नीट भरून येईना म्हणून २०२१ ला त्यानं शो सोडला, त्याचा शेवटचा एपिसोड मी पुतण्याला दाखवायचाच नाही म्हणून ठेवला होता पण पोरं कुठं ऐकतात, शोधून काढलाच आणि मग दोन दिवस घरात सुतक.

आता मजा येते ती नुसत्या माणसांमुळं नाही, एडिटिंगमुळं. एकेकाच्या मागं स्वतंत्र कॅमेरावाला असतो, म्हणजे आठ जणं असतील तर आठही जणांचं तोंड प्रत्येक क्षणाला कुठंतरी रेकॉर्ड झालेलं आहे, आणि मग कुणी एक वाक्य बोललं की ते ऐकून बाकीच्यांची तोंडं कशी झाली ते एकापाठोपाठ एक दाखवतात. त्यात स्क्रीनवर रंगीबेरंगी मोठ्या अक्षरात ओळी येत राहतात, कोण काय बोललं ते नाही, तर कोण मनात काय म्हणत असेल ते. एडिटर स्वतःच शोमधला एक आगाऊ माणूस असल्यासारखा मध्ये मध्ये टोमणे मारतो. डायरेक्टर, ज्याला तिकडं पीडी म्हणतात, तो आणि त्याचे लेखक कॅमेऱ्यात दिसले तरी कापत नाहीत, उलट कलाकार त्यांच्याशी भांडतात, जेवणासाठी घासाघीस करतात, आणि ती घासाघीसच एपिसोड बनून जाते. सिगारेट, अंगावरचे टॅटू, कंपन्यांची नावं ह्यावर मात्र धुकं मारलेलं असतं. सासूबाईंना वाटलं होतं आमचा टीव्हीच बिघडला.

पण इथंच पहिली तक्रार. ती जी स्क्रीनवरची अक्षरं, जी निम्मी गंमत, ती कोरियनमध्ये. इंग्रजी सबटायटल बोललेल्या वाक्यांचं येतं, ह्या ओळींचं कधी येतं, कधी नाही, आणि आलं तर दोन्ही एकावर एक येऊन सगळा पडदाच भरून जातो, वाचायचं कुठलं आणि बघायचं कुठलं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना तशी एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत वाचायची सवय आहे म्हणा, बसचा बोर्ड कन्नडमध्ये, कंडक्टरशी भांडण मराठीत, बँकेचा फॉर्म इंग्रजीत. त्यामुळं मला जमलं. सासूबाईंना मराठी कन्नड दोन्ही फाडफाड वाचता येतं पण इंग्रजी नाही, म्हणून त्यांना मी मध्ये मध्ये सांगत बसते. मराठी सबटायटल जवळपास कुठंच नाही. यूट्यूबमध्ये भाषांतराची सोय आहे, सेटिंगच्या चाकावर जाऊन कॅप्शन, मग ऑटो-ट्रान्सलेट, त्यात मराठी निवडायचं. पण ते चालतं फक्त जिथं कॅप्शन वेगळं दिलेलं असेल तिथं, इंग्रजी जर व्हिडिओतच छापून आलेलं असेल, आणि केबीएस वर्ल्डच्या जुन्या व्हिडिओत बरंच तसंच आहे, तर काही उपयोग नाही. आणि जिथं चालतं तिथलं मराठी वाचून आमच्या घरात मूळ विनोदापेक्षा जास्त हसू होतं.

थोडं चॅनेलांबद्दल, कारण कोण कुठलं ते कळलं की शोधायला सोपं जातं. केबीएस म्हणजे त्यांचं दूरदर्शन समजा, पण पैसा लोकांकडनं थेट घेणारं. ज्याच्या घरात टीव्ही आहे त्यानं महिन्याला २५०० वॉन भरायचे, आपले दीडशेच्या आसपास, आणि हा दर १९८१ पासून तोच आहे. १९९४ पासून ते पैसे लाइट बिलात जोडून यायचे, २०२३ मध्ये सरकारनं वेगळं करायचं काढलं आणि मग त्यावरनं बरंच राजकारण. मला हे वाचताना गंमत वाटली, इथं कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत लाइट बिल माफ झालंय, त्यात उद्या टीव्हीचे म्हणून दीडशे लावले तर सगळं बेळगाव चन्नम्मा सर्कलला येऊन बसेल. केबीएसची दोन चॅनेलं, पहिल्यावर जाहिराती नाहीत, दुसऱ्यावर आहेत आणि मनोरंजन बरंचसं दुसऱ्यावर. एमबीसी आणि एसबीएस हे बाकीचे दोन मोठे. टीव्हीएन मात्र केबलवरचं, २००६ चं, सीजे कंपनीचं. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, ह्या तीन मोठ्या चॅनेलांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात दाखवायला जुलै २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती. म्हणूनच त्यांचे जुने एपिसोड सलग वाहतात, दर सात मिनिटाला "ब्रेकनंतर बघा" म्हणून हिसका नाही. नंतर नंतर ह्यांनीपण एकाच कार्यक्रमाचे भाग एक, भाग दोन पाडून मधल्या फटीत जाहिराती घुसवल्या ते सोडा.

आता ना पीडी. पूर्ण नाव ना योंग-सोक, आणि ह्या माणसाबद्दल मी तासभर बोलू शकते. आधी केबीएसमध्ये होता, तिथं २००७ ला दोन दिवस एक रात्र सुरू झाला, त्यातला. सहा बाप्ये कोरियातल्या कुठल्यातरी खेड्यात जाणार, खेळात हरले की जेवण नाही आणि थंडीत बाहेर झोपायचं. २०१३ ला तो सीजेकडं गेला आणि पहिलंच काय काढलं तर सत्तरीच्या आसपासचे आणि त्याच्याही पुढचे चार म्हातारे ॲक्टर घेऊन युरोपला बॅकपॅक टूर, आणि त्यांच्या सामानाला, तिकिटाला, हॉटेलला चाळिशीतला ली सो-जिन, ज्याला आधी सांगितलंच नव्हतं की तू हमाल म्हणून चाललायस. म्हातारे पॅरिसच्या मेट्रोत हरवतात, रुसतात, एकाला चालायचं नसतं तर एकाला सगळंच बघायचं असतं. आमच्या कुणाच्या घरातली काशीयात्रा आठवा. अमेरिकेनंसुद्धा नंतर ही कल्पना उचलली.

आणि २०१४ चा थ्री मील्स अ डे. ह्यात तर काहीच होत नाही. दोन-तीन माणसं खेड्यातल्या घरात, परड्यात जे पिकतं, समुद्रात जे मिळतं त्यातनं दिवसाची तीन जेवणं स्वतः बनवायची. बस, दीड तास तेच. २०१५ ला त्याचाच एक भाग मानजे नावाच्या लांबच्या बेटावर केला, त्यात चा सुंग-वोन हा सहा फुटी हिरो कमरेला एप्रन बांधून चुलीवर बसतो आणि यू हे-जिन रोज गळ टाकायला जातो आणि बऱ्याचदा रिकाम्या हातानं येतो, आणि तो रिकामा आलाय हे सांगायला त्याला लाज वाटते, आणि चा सुंग-वोन काही न बोलता दुसरी भाजी टाकतो. नवरा-बायकोचं असलं बारीक नातं मी मराठी मालिकेत शेवटचं कधी बघितलं सांगता येणार नाही, आणि हे दोघं तर नुसते मित्र. सासूबाईंना ह्याला सबटायटल लागतच नाही. "काय बघूलीस गं एवढं?" म्हणून आल्या होत्या त्या तिथंच टेकल्या, आणि मग पूर्ण वेळ चूल कशी पेटवायची, लाकडं ओली आहेत, भांडं मोठं घेतलंय, अशी कॉमेंटरी. त्यांच्या मते माणूस चांगला आहे पण चुलीचं काही कळत नाही त्याला.

ना पीडीचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ ला त्यानं टीव्हीवर आइसलँडचा एक शो केला, टीव्हीवर दाखवला फक्त पाच मिनिटं आणि बाकी सगळा यूट्यूबवर. त्या चॅनेलला दहा लाख सबस्क्रायबर झाले तर शोमधल्या दोघांना चंद्रावर पाठवतो असं तोंडातनं बोलून गेला. आणि आकडा खरंच दहा लाखाला जायला लागला. मग हा बाबा लाइव्ह येऊन हात जोडून, कृपा करून सबस्क्रिप्शन काढा म्हणून विनवण्या. सबस्क्राइब करू नका म्हणणारा यूट्यूबवाला जगात एवढाच असेल. आज तेच चॅनेल फुलमून, आणि माझ्या मते फुकटातलं सगळ्यात सरळ चॅनेल हेच.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि ती सगळ्याच ब्रॉडकास्टरांना लागू. पूर्ण एपिसोड सापडतच नाही नीट. दहा मिनिटांचे तुकडे, त्याच तुकड्यांचे परत वेगळ्या नावानं तुकडे, मग "सगळ्यात हसवणारे क्षण" म्हणून जोडून केलेला तीन तासांचा गोळा, त्यात तोच तुकडा परत. चॅनेलंपण एकाच कंपनीची पाच-सहा, कुठं इंग्रजी आहे कुठं नाही, नाव कोरियन लिपीत. एखादा चांगला सापडला की त्याचा पुढचा भाग तुमच्या देशात उपलब्ध नाही. ह्यावर मी केलेला उपाय सांगते, शोचं नाव इंग्रजीत टाकून शोधायचं नाही, चॅनेलच्या पानावर जाऊन प्लेलिस्ट उघडायची आणि त्यात फुल एपिसोड किंवा इंग्रजी सब असलेली यादी बघायची, ती एकदा सापडली की सेव्ह. मोबाइलवर बघत असाल तर ४८० वर ठेवा, अक्षरं वाचता येतात आणि संध्याकाळी लाइट जाऊन वायफाय बंद पडलं तरी डेटावर निभावतं.

हे शोवाले आपल्याकडं येऊन गेलेत का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आलेत की. एमबीसीचा इन्फिनिट चॅलेंज, २००५ ते २०१८ चाललेला, रनिंग मॅनचा थोरला भाऊच म्हणा, त्यातला यू जे-सोक आणि त्याचा एक साथीदार २०१५ साली मुंबईच्या धोबीघाटावर कपडे धुवायला बसवले होते. यू जे-सोक म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा अँकर, १९९१ ला कॉमेडियन म्हणून आला आणि कितीतरी वर्षं कुणी विचारत नव्हतं. तो माणूस मुंबईत दगडावर चादरी आपटतोय. त्याच वर्षी केबीएसनं पॉपस्टार पोरांना रिपोर्टर करून मुंबईला पाठवलं होतं. आणि २०२३ मध्ये एमबीसीवर कियान८४ नावाचा, मुळात वेबटून म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथा काढणारा, एक छोटीशी बॅग घेऊन वाराणसीला उतरला. त्याच्याबरोबर तिकडचा एक मोठा ट्रॅव्हल यूट्यूबर होता, त्यानं स्वतःचं नावच पानी बॉटल ठेवलंय, आपल्या रेल्वेतनं ऐकून. मला भीती होती की नेहमीसारखं घाण, गर्दी, गाय एवढंच दाखवतील. गर्दी आणि गाय आहेच, पण कियान८४ कुणाला नाक मुरडत नाही, हातानं जेवतो, गंगेत उडी मारतो, लोकांच्यात जाऊन बसतो. त्या वर्षी एमबीसीचं मोठं बक्षीस त्यालाच मिळालं. एवढं सगळं बघून मला वाटतं एकदा ह्या लोकांनी आमच्याकडं यावं, खानापूरच्या जंगलात पावसाळ्यात सोडून द्यायचं आणि संध्याकाळी मांडे करायला बसवायचं, परातीएवढी पोळी हातावर पेलताना त्या क्वांग-सूचं काय होईल.

टीव्ही सोडून नुसत्या यूट्यूबसाठी केलेले शोपण आता ढीगभर. यू जे-सोकचंच पिंगेगो, टेबलाभोवती चार जणं बसून तासभर गप्पा, खेळ नाही काही नाही. भांडी घासताना कानात लावायला उत्तम, पण वाचायला लागतं म्हटल्यावर भांडी राहतात. एज्युकेशन चॅनेल ईबीएसचा पेंगसू आहे, दोन मीटर दहा उंचीचा पेंग्विन, जो साहेबाला घाबरत नाही, ऑफिसात नोकरी करणाऱ्यांनी जरूर बघावा. पिसिक युनिव्हर्सिटी ह्या कॉमेडी चॅनेलला २०२३ ला बेकसांग हे तिकडचं मोठं बक्षीस मिळालं, यूट्यूबच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच, पण त्यांनीच मे २०२४ मध्ये योंगयांग नावाच्या लहान तालुक्यात जाऊन तिथल्या खाण्याची, गावाची टिंगल केली आणि लोकांनी असलं धरलं की माफी मागायला लागली. चांगलं झालं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी आमच्या बोलण्याची नक्कल केलेली आम्ही आयुष्यभर ऐकतोय, त्यामुळं ह्यात मी पूर्ण योंगयांगवाल्यांच्या बाजूनं. लाइव्ह स्ट्रीमिंगची ॲप, आफ्रिकाटीव्ही जे आता सूप नावानं आहे, नाहीतर नेव्हरचं चिझिक, त्यांच्या वाटेला जाऊ नका, सगळं कोरियनमध्ये आणि सूपवर तर बघणारे स्क्रीनवरचे फुगे विकत घेऊन पैसे उधळणारे. ते मुकबांग म्हणजे कॅमेऱ्यासमोर डोंगरभर खाणं तिथनंच आलं. मला बघवत नाही.

पैसे टाकायचे का? नेटफ्लिक्सचा १४९ चा मोबाइल प्लॅन एखाद्या महिन्यापुरता घ्या आणि दोनच गोष्टी उरकून टाका. एक फिजिकल १००, शंभर दणकट माणसं आणि शेवटी एकच उरणार, हा नेटफ्लिक्सचा असला तरी केलाय एमबीसीच्या पीडीनं. आनंदवाडीच्या आखाड्याला मैदान बघायला जाणारे आमचे दीर, ज्यांनी कोरियन म्हटल्यावर तोंड वाकडं केलं होतं, ते ह्यातल्या कुस्तीगिरासाठी रात्री एकपर्यंत जागले. दुसरा २०२४ चा कलिनरी क्लास वॉर्स, वीस नावाजलेले शेफ पांढऱ्या चमच्याचे आणि ऐंशी बिननावाचे काळ्या चमच्याचे, एका फेरीत तर परीक्षकांच्या डोळ्याला पट्टी बांधून घास भरवतात. विकी (Viki) नावाच्या स्ट्रीमिंग ॲपवर सबटायटल जगभरचे हौशी लोक स्वतः करतात, कुठल्या भाषेत किती टक्के झालंय ते दिसतं, काम मनापासून असतं पण तिथं ड्रामा जास्त. ह्याशिवाय फुकट ट्रायल म्हणून जाहिरात करणारी बारकी ॲप खूप आहेत, त्यातल्या एकानं माझ्या जावेचे पैसे परस्पर वर्षाचे कापले आणि मेल केला तर उत्तर नाही. कार्ड देऊ नका, यूपीआयचं ऑटोपे दिलंच असेल तर आजच बंद करा.

नवीन बघणाऱ्यानं सुरुवात कुठनं करायची तर घरात लहान पोरं असतील तर रनिंग मॅनचे २०११-१२ चे जुने नावपट्टीवाले एपिसोड, हल्लीचे नकोत, हल्ली पळणं कमी आणि बसून बोलणं जास्त झालंय. म्हाताऱ्या माणसांबरोबर थ्री मील्स. एकटे असाल, इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल, तर सरळ चॅनेल फुलमून. आणि सुरुवातीचे दोन एपिसोड कुणाचंच नाव लक्षात राहणार नाही, सगळे सारखेच दिसतील, ते होऊ द्या, तिसऱ्याला कोण चेंगट आणि कोण आगाऊ ते आपोआप कळतं.